पूजेतलं लोहचुंबक

ही हकीकत मी आजवर सांगायची टाळत आलो. निवृत्त होऊन गावी आल्यापासून लोक म्हणतात, "हवालदार, फौजेतलं काहीतरी सांगा." मी थंडीचं सांगतो. टाकीत डिझेल कसं गोठतं, कपात ओतता ओतता चहा कसा निवतो, ते सांगतो. लोक खूश होतात. लान्स नाईक भागवतचं नाव निघालं की मी पाणी प्यायला उठतो. आता उठून जायला निमित्त उरलेलं नाही.

मी नांदूरघाटाकडचा. घरी मेंढरं होती. फौजेत मी व्हेइकल मेकॅनिक होतो. रायफल सगळ्यांसारखी चालवली, पण माझं काम गाड्यांचं. तेव्हा मी नाईक होतो आणि आमची वर्कशॉप डिटॅचमेंट हिमालयात एका खिंडीच्या अलीकडे होती. एक शेड, दोन तंबू, बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायची एक रिकव्हरी गाडी आणि आम्ही मोजकी माणसं. खिंडीपलीकडच्या पोस्टना हिवाळ्याचं रॉकेल आणि शिधा बर्फ पडायच्या आत पोचवायचा, हे त्या महिन्यांतलं सगळ्यांचं काम. गाड्या माल न्यायच्या. आम्ही गाड्या चालत्या ठेवायच्या.

भागवत त्या गाड्यांपैकी एकीचा ड्रायव्हर. तो गेवराई तालुक्यातला, गोदाकाठचा. इतक्या लांब आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला की तो भाऊच असतो. तो मला नावानं कधी हाक मारायचा नाही. 'चुंबक्या' म्हणायचा. त्याचं कारण सांगितलं तरच पुढचं कळेल.

इंजिनाच्या सिलिंडरला दोन झडपा असतात. त्यांना आम्ही व्हॉल्व्ह म्हणतो. लांब दांडी आणि टोकाला चपटं गोल डोकं, अळंबी उलटी धरावी तसं. एकातून हवा आत येते, तो इनलेट. दुसऱ्यातून जळालेला धूर बाहेर जातो, तो एक्झॉस्ट. इनलेटला बाहेरची गार हवा लागत राहते. एक्झॉस्टच्या वाट्याला नुसती आग. भरलेली गाडी चढ ओढत असली की त्याचं डोकं लाल होतं, आणि तशा अवस्थेत ते मिनिटाला हजारभर वेळा आपल्या बैठकीवर आपटतं. साधं पोलाद त्या उष्णतेत मऊ पडतं, ताणतं आणि मानेपाशी तुटतं. म्हणून एक्झॉस्टचं डोकं वेगळ्या पोलादाचं करतात. त्यात क्रोमियम, निकेल, मँगनीज असं बरंच मिसळलेलं असतं, आणि ते लाल झालं तरी आपली ताकद सोडत नाही.

त्या पोलादाला लोहचुंबक चिकटत नाही. दांडीला चिकटतं, कारण दांडी दुसऱ्या पोलादाची जोडलेली असते. डोक्याला चिकटत नाही. इनलेटच्या मात्र डोक्यालाही चिकटतं. आमच्या त्या थ्री-टनर ट्रकमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकाच मापाचे होते. नजरेला फरक कळायचा नाही.

हे मला आमच्या उस्तादांनी शिकवलं. पंजाबकडचे हवालदार होते. एकदा स्टोअरच्या पाकिटावर एक्झॉस्ट लिहिलेलं असताना आत इनलेट निघाला होता, तेव्हापासून ते पाकिटावर विश्वास ठेवायचे नाहीत. कुणी व्हॉल्व्ह घेऊन बोलायला आलं की म्हणायचे, "पहले चुंबक, फिर बात." पेन्शनीवर जाताना त्यांनी आपलं लोहचुंबक माझ्या हातावर ठेवलं. जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं, कड फुटलेलं. मी ते कायम खिशात बाळगायचो. म्हणून चुंबक्या.

खंडेनवमीला आमच्या शेडमध्ये पूजा असायची. रायफली, पाने, जॅक, वेल्डिंगचा संच, सगळं धुऊन-पुसून मांडायचं, हळदी-कुंकू, झेंडूची फुलं. तिथे झेंडू कुठला मिळायचा! कागदाचे करायचो. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या आरतीपर्यंत उचलायचं नाही. पण फौजेचं काम थांबत नाही, म्हणून हत्यारांचा एक संच पूजेबाहेर ठेवायचा, असा वर्कशॉपचा रिवाज होता. त्या वर्षी मी माझं लोहचुंबकही पूजेत ठेवलं. उस्तादांची आठवण म्हणून. ते कुठल्याच संचात मोजलेलं नव्हतं. माझं स्वतःचं होतं आणि एकच होतं.

दुपारी भागवतची गाडी आली. एका सिलिंडरमध्ये दम नव्हता. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून खाच पडली होती. सुभेदार साहेब येऊन उभे राहिले.

"कल सुबह कॉन्व्हॉय निकलेगा. ये गाडी जाएगी?"

"जाएगी, साब."

स्टोअरमधून नवा व्हॉल्व्ह आणला. पाकिटावर एक्झॉस्ट लिहिलेलं होतं. मी डोकं अंगठ्यानं पुसलं. चकचकीत होतं. भागवत मडगार्डवर बसून शेंगा खात होता. त्या फेरीनंतर त्याची रजा मंजूर झाली होती. मुलगा झालेला होता आणि बारसं त्याच्यासाठी थांबवलं होतं. दोन दिवस तो नावं सुचवायला सगळ्यांच्या मागे लागला होता.

"चुंबक्या, लावलंस का रे तुझं लोहचुंबक?" त्यानं विचारलं.

"पूजेत हाय."

"मग उचल की बे. देवी काय तुला चार्जशीट देतीय व्हय?"

"आमच्यात पूजेतलं उचलत न्हाईत."

"लई सोवळा झालास बे!" त्यानं एक टरफल माझ्या अंगावर फेकलं. मग म्हणाला, "जाऊ दे. तुझा हात लागला म्हंजे बास."

मी व्हॉल्व्ह बसवला.

पूजेचा पाट माझ्यापासून दहा पावलांवर होता. लोहचुंबक मोडक्या रेडिओतूनही निघालं असतं, आणि मोडका रेडिओ शेडमध्ये होता. मला सुचलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. उजेड होता तोवर हेड चढवायचं होतं, आणि पाकिटं एरवी बरोबरच निघत. कंटाळा केला.

दसऱ्याच्या सकाळी आरती झाली. मी लोहचुंबक उचललं आणि त्यावरचं कुंकू रुमालानं पुसलं. शेडबाहेर भागवतची गाडी चालू होती. आवाज सरळ येत होता. आता तपासायचं तर पुन्हा हेड उतरवावं लागणार होतं. सुभेदार साहेबांनी गाडी फिट असल्याचं वर कळवलं होतं. मी लोहचुंबक खिशात टाकलं आणि रिकव्हरी गाडीत जाऊन बसलो. गाड्यांच्या त्या रांगेच्या, कॉन्व्हॉयच्या, शेपटाला आमची गाडी असायची.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. रस्ता नदीकाठचा होता, बराचसा सपाट. मुक्कामाला भागवतनं सगळ्यांना सोनं म्हणून कसलीतरी झुडपाची पानं वाटली. तिथे आपटा नाही, म्हणून. मला देताना म्हणाला, "पुढल्या साली गेवराईला ये. खरं सोनं देतो." मी त्याला व्हॉल्व्हचं सांगितलं नाही. इंजिन गोड चालतंय, असं तोच मला सांगत होता.

तिसऱ्या दिवशी खिंडीचा चढ लागला. रात्री थोडं बर्फ पडून गेलं होतं आणि सावलीच्या वळणांवर त्याची काच झाली होती. गाड्यांच्या चाकांना साखळ्या होत्या. शेवटची गाडी वर जाऊन रस्ता मोकळा होईपर्यंत आम्ही तळाशी थांबलो होतो. रेडिओ माझ्या मांडीवर होता; त्यावर पुढच्या गाड्या आम्हाला 'टेल' म्हणायच्या.

"टेल, टेल. सात नंबर रुकी है. ओव्हर."

मी विचारलं, "क्या हुआ? ओव्हर."

"इंजन से हथौडे जैसी आवाज. रुको." मग थोडा वेळ नुसती खरखर. "टेल, सात नंबर नीचे गई. ओव्हर."

"फिर बोलो. कौन-सी? ओव्हर."

"सात नंबर. ड्रायव्हर अंदर था. ओव्हर."

सात नंबर भागवतची होती.

काय घडलं ते त्याच्या को-ड्रायव्हरनं सांगितलं. केरळकडचा शिपाई होता, त्या रस्त्यावर पहिल्यांदाच आलेला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये नीट चढत होती. इंजिनात ठोके सुरू झाले. भागवतनं वेग कमी केला. तेवढ्यात इंजिन जागच्या जागी जाम झालं आणि मागची चाकं धरली गेली. गाडी बर्फावर मागे घसरायला लागली. भागवतनं स्टिअरिंग डोंगराकडे कापलं आणि ओरडला, "उतर! गुटका लगा!" चाकाखाली टाकायचा लाकडी गुटका घेऊन त्या शिपायानं उडी मारली. तो गुटका टाकेपर्यंत चाक रस्त्याच्या कडेपलीकडे गेलं होतं. भागवतला उडी मारता आली असती, असं तो म्हणाला. पण ब्रेकवरचा पाय काढला असता तर गाडी उतरणाऱ्या शिपायाच्या अंगावरूनच गेली असती.

आम्ही दोर लावून खाली उतरलो. भागवतला वर आणणाऱ्या चौघांत मी होतो. त्याच्या बुटात बर्फ भरलं होतं. मी ते काढत बसलो. सुभेदार साहेबांनी मला दंडाला धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी मला इंजिन पाहायला परत खाली पाठवलं. एकट्यालाच, कारण मेकॅनिक मीच. हेड दगडावर आपटून सुटं झालं होतं. पिस्टनमध्ये व्हॉल्व्हचं तुटलेलं डोकं रुतून बसलं होतं. मी ते छिन्नीनं काढलं. खिशातून लोहचुंबक काढलं आणि त्याच्या जवळ नेलं.

ते टक करून चिकटलं.

मी ती दोन्ही तशीच खिशात ठेवली. वर जाऊन सांगितलं, व्हॉल्व्ह तुटला आहे, डोकं सापडलं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसली. मेजर साहेबांनी मला फार विचारलं नाही.

"व्हॉल्व्ह फिट करने से पहले चेक किया था?"

"किया था, साब. चुंबक से."

"इंजन ज्यादा रेव करने से व्हॉल्व्ह टूट सकता है?"

"टूट सकता है, साब."

दुसरं उत्तर खरं होतं. खालच्या गिअरमध्ये इंजिन भलतं पळवलं तर व्हॉल्व्ह तुटू शकतो. को-ड्रायव्हर सांगत राहिला की गिअर बरोबर होता, वेग बरोबर होता. पण तो नवा होता आणि मी मेकॅनिक होतो. निष्कर्ष निघाला तो असा: ड्रायव्हरनं रजेच्या घाईत गाडी चुकीची चालवली. ज्या ओळीत माझं नाव यायला हवं होतं तिथे त्याचं गेलं.

त्याच्या अस्थी घेऊन गेवराईला मलाच पाठवलं, जिल्ह्याचा माणूस म्हणून. त्याची बायको, सुमनवहिनी, ओट्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाळाचं नाव ठेवलेलं नव्हतं. तारेपाठोपाठ गावात चौकशीची बातमीही पोचली होती. मला ऐकू येईल इतक्या आवाजात एक जण म्हणाला, "लढाईत न्हाई गेला. गाडी हाणता आली न्हाई."

मी तिथे उभा होतो. अंगावर युनिफॉर्म होता.

पुढे हवालदार होऊन घरी आलो. मांजरसुंब्याला चौकाजवळ गॅरेज टाकलं. ट्रकवाले पाकीट फोडायच्या आधी हसायचे, "चाचा, लावा तुमचं चुंबक." गॅरेजसाठी मी दुसरं लोहचुंबक घेतलं होतं; एकही व्हॉल्व्ह न तपासता बसवला नाही. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचो, दुसरीकडे जा. खंडेनवमीला पान्यांची पूजा करायचो. लोहचुंबक पूजेत ठेवत नव्हतो. मुलं विचारायची, कावून, असं का? मी सांगायचो नाही.

वडिलांची एक गोष्ट मला फार उशिरा आठवली. खंडेनवमीला ते लोकर कातरायची कातर देवापुढे ठेवत. एका वर्षी त्याच दिवशी एक मेंढी बाभळीच्या फांदोऱ्यात लोकरीनं अडकली. वडिलांनी कातर उचलली नाही. काट्यांत बसून त्यांनी हातांनी एकेक बट सोडवली. संध्याकाळपर्यंत हात रक्तानं भरले होते. आई म्हणाली, "कातर घ्यायची की वं." ते म्हणाले, "कातर देवाची हाय, मेंढी माझी हाय." मी त्यांचाच नेम पाळला असं मला वाटत होतं. त्यांनी नेमाचा त्रास स्वतःच्या हातांवर घेतला होता. मी तो भागवतवर टाकला. देवीनं मला काही सांगितलं नव्हतं. तिचं नाव इथे घ्यायचं कारण नाही.

वर्षातून एकदा तरी मी गेवराईला जायचो. मुलाचं नाव पुढे अनिल ठेवलं. तो शिकला, त्यानं औषधांचं दुकान टाकलं. वहिनींनी त्याला गाडी शिकू दिली नाही. घरात मोटारसायकलसुद्धा नाही. चाळिशीकडे आलेला धडधाकट माणूस दुकानात पायी जातो, लांब जायचं तर एसटीनं. एकदा मी म्हणालो, "शिकू द्या की वहिनी." त्या म्हणाल्या, "नगं भाऊजी. बापाला येत न्हवती, त्याला कुठून यील?"

तेव्हा बोलायला हवं होतं. जिल्ह्यात त्याच्याइतकी गाडी येणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

भागवतच्या गावात शाळेसमोर झेंड्याच्या ओट्यावर शहीद झालेल्यांची नावं कोरली आहेत. त्याचं नाव त्यात नाही. अनिलनं एकदा ग्रामपंचायतीत विचारलं. त्याला सांगितलं, अपघात होता आणि चूक त्यांचीच होती. तो परत विचारायला गेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात वहिनी अंथरुणाला खिळल्या. मी ठरवून गेलो. खिशात लोहचुंबक होतं आणि त्याला चिकटलेलं ते व्हॉल्व्हचं डोकं. एवढी वर्षं मी ती एकमेकांपासून सुटी केली नव्हती. एसटीत वाक्य मनात घोळवत होतो. अनिल दुकानात होता, सून आत स्वयंपाक करत होती. वहिनींनी मला उशाशी बसायला सांगितलं.

मी म्हणालो, "वहिनी, भागवतच्या गाडीचं एक सांगायचंय."

त्यांनी हातानं मला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या भाऊजी. मला ठाव हाय तुमाला काय बोलायचंय. तुमी त्यांना आजून बोल लावत न्हाईत, हे मला दिसतंय." त्यांना दम लागला. मग म्हणाल्या, "मीच पत्रात लिव्हलं व्हतं, बारशाला लवकर या म्हणून. त्याच्यापायी घाई केली त्यांनी. लई वर्सं राग व्हता मला. त्यांचाबी आन माझाबी. आता न्हाई. मी माफ केलं त्यांना."

सून चहा घेऊन आली. मी कप घेतला.

ज्याची चूक नव्हती त्याला त्या बाईनं माफ केलं होतं, आणि ते करायला तिला जन्म लागला होता. तिनं स्वतःलाही माफ केलं होतं, एका पत्रासाठी. आता खरं सांगणं म्हणजे तिच्याकडून ती माफी काढून घेणं की तिला काही देणं, ते मला कळेना. हे मी स्वतःला तेव्हा दिलेलं कारण आहे. खरं म्हणजे मी घाबरलो.

"काय सांगत व्हता?" त्यांनीच परत विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणालो. "लई चांगली चालवायचा तो गाडी, एवढंच."

त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमी भाऊ हाव त्यांचे. तुमी असंच म्हणणार."

पावसाळा संपायच्या आत त्या गेल्या.

दहाव्याला मी अनिलला नदीकाठी बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. लोहचुंबक त्याच्या हातात दिलं. त्यानं व्हॉल्व्हचं डोकं ओढून सुटं केलं आणि सोडलं. ते टक करून परत चिकटलं. त्यानं तसं दोनदा केलं. मला वाटलं, तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "हे आईला सांगायला पाहिजे होतं, काका."

मग तो पाण्याकडे गेला.

जे लिहिलं ते मी सही करून ग्रामपंचायतीला आणि आमच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवलं आहे. लान्स नाईक भागवत यानं त्या दिवशी गाडी बरोबर गिअरमध्ये, बरोबर वेगानं चालवली. इंजिन बंद पडल्यावर त्यानं आपल्या को-ड्रायव्हरला वाचवलं आणि ब्रेकवरचा पाय काढला नाही. त्याचं नाव झेंड्याच्या ओट्यावर यायला हवं. शिक्षा काय असेल ती मला द्यावी. माझं वय बघू नये.

वहिनींसाठी एसटीत घोळवलेलं वाक्य मात्र कुणाला पाठवायचं, ते कळत नाही. ते असं होतं, पत्राचं तेवढं नंतर जोडलं:

वहिनी, त्यांची चूक नव्हती, तुमच्या पत्राचीही नव्हती. लोहचुंबक दहा पावलांवर होतं आणि मी उठलो नाही. मला माफ करा.